कावालिएरेंचा शब्द

गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभी असताना माझी भाची मला म्हणाली, "आत्या, मी राज्यशास्त्रात पीएच.डी.साठी अर्ज करतेय."

माझ्या हातात गरम पाण्याची बादली होती, ती मी खाली ठेवली. नाहीतर पायावरच पडली असती. वासरू आडवं आलेलं, गाय जीव खाऊन हंबरतेय, आणि ही बया मला आयुष्याचा निर्णय ऐकवतेय! मला वाटलं, थट्टा करते. पण मारीलेना काम करताना कधी थट्टा करत नाही.

"कशात म्हणालीस?"

"राज्यशास्त्रात. आता ती दोरी दे."

दोरी दिली. वासरू निघालं, जगलंही. मी मात्र त्या दिवशी जी हबकले ती हबकलेलीच राहिले, आणि या वर्षी जे झालं त्यानं तर माझी वाचाच बसली. वाचा परत आलीय, म्हणून सांगायला बसलेय.

मारीलेना ही माझ्या धाकट्या भावाची, दोनातोची, एकुलती एक मुलगी. आमच्या करड्या गाई आहेत. दोनातो त्यांच्या दुधाचं चीज करतो आणि तळघरात दोरीनं टांगून पिकवतो. घरी जनावरं, म्हणून मुलीला जनावरांची डॉक्टर केली. बारी शहरात शिकली, चांगली पास झाली, परत आली आणि आरोग्य खात्याच्या कंत्राटावर डोंगरातले गोठे फिरू लागली. अंगानं किडकिडीत, जिभेनं तिखट. शेतकरी तिला डॉक्टरीणबाई म्हणत आणि जरा वचकून असत. आणखी दोन-तीन वर्षांत कायमची सरकारी नोकरी पदरात पडली असती. आमच्या भागात कायमची नोकरी म्हणजे काय चीज असते ते मला विचारा. पोस्टाच्या खिडकीवर तेहतीस वर्षं बसून मी निवृत्त झालेय.

आणि ही ते सगळं सोडून कशाच्या मागे निघाली? एका प्रश्नाच्या.

"आत्या, लस सरकारी आहे. फुकट आहे. त्यांच्या हक्काची आहे. मी आपणहून गोठ्यात जाऊन टोचते. तरी निघताना प्रत्येक जण माझ्या हातात चीज नाहीतर अंडी कोंबतो आणि म्हणतो, डॉक्टरीणबाई, आमच्याकडे लक्ष असू द्या. कसलं लक्ष? जे त्यांचंच आहे ते घेतानासुद्धा माणसं हात जोडून का उभी राहतात?"

"अगं, प्रेमानं देतात बिचारे."

"भीतीनं देतात," ती म्हणाली. "आणि या भीतीचं शास्त्र जनावरांच्या दवाखान्यात शिकवत नाहीत."

दोनातोनं हे ऐकलं. म्हणाला ते इतकंच, "मंत्री व्हायचंय का तुला?"

"नाही पप्पा. मंत्र्याला मत देणाऱ्यांचा अभ्यास करायचाय."

"त्यांचा कसला अभ्यास? ते काय, आम्हीच!"

"तेच तर."

पहिल्या वर्षी तिनं तीन विद्यापीठांत अर्ज केले. कुठल्याही विषयाचा पदवीधर चालेल, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. चालवून घेणं वेगळं. संशोधनाचा आराखडा द्यायचा, जुन्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं जोडायची. हिचे प्राध्यापक सगळे गाई-घोड्यांचे. एका म्हाताऱ्यांनी मनापासून लिहिलं की या मुलीचे हात फार चांगले आहेत, आडवं आलेलं वासरू ती अलगद फिरवते. ते वाचून राज्यशास्त्रवाल्यांची तोंडं कशी झाली असतील देव जाणे. दोन ठिकाणांहून नकार आला. तिसरीकडे, उत्तरेतल्या एका शहरात, मुलाखतीला बोलावलं.

एका प्राध्यापकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "डॉक्टर, गाई सोडून माणसांकडे यावंसं का वाटलं?"

ही म्हणाली, "गाईंना मत देता येत नाही म्हणून."

सगळे हसले. मग त्यांनी विचारलं, तुमची पद्धत काय? तुम्ही म्हणता ते सिद्ध कशानं करणार? इथे हिची गाडी अडली. परत आली ती चेहरा पाडून. "ते हसले तोवर मी त्यांना आवडले होते," मला म्हणाली. "त्यानंतर माझ्याकडे त्यांना द्यायला काहीच नव्हतं."

मला आतून बरं वाटलं. म्हटलं, चला, खूळ उतरलं.

कसलं उतरतंय! वर्षभर औषधांच्या पेटीत इंजेक्शनांखाली जाडजूड पुस्तकं घेऊन हिंडली. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात रोग कसा पसरतो हे मोजायला ती शिकलेलीच होती. तीच मोजणी तिनं वशिल्याला लावली. शेजारशेजारची दोन खोरी निवडली. एका खोऱ्यात लस आपोआप दारात येते, दुसऱ्यात कचेरीत खेटे घालून मागावी लागते. कुठले लोक जास्त चीज देतात? मी म्हटलं, ज्यांना मागावं लागतं ते. उघड आहे. तर नाही. दोन्हीकडे सारखंच. "म्हणजे गरजेपोटी नाही देत," ती म्हणाली, आणि तिचे डोळे असे चमकले की मला तिचा रागच आला.

राग यायचं कारण होतं. वशिल्याचा विषय निघाला की मला बसल्या जागी टोचायचं. मी स्वतः वशिल्याचं तट्टू.

आमच्या गावात वशिला म्हणजे कावालिएरे पिएत्राफेसा. कावालिएरे ही पदवी त्यांना सरकारनं कधीतरी दिली म्हणतात. कागद कुणी पाहिलेला नाही. जन्मभर त्यांनी पोतेन्झाला प्रांताच्या कचेरीत साहेबांची गाडी चालवली, तेव्हा वरच्या लोकांत ऊठबस असणारच, असं गाव धरून चाललं. मुलाची परीक्षा, सुनेची नोकरी, सासूची शस्त्रक्रिया, काहीही असो, लोक त्यांच्या दारात. ते एवढंच म्हणायचे, "शब्द टाकून बघतो." आणि माणूस किती सचोटीचा! काम झालं नाही तर आणलेली वस्तू स्वतः उचलून घरपोच परत करायचे. "तिथे माझं चाललं नाही, माफ करा." असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही, असं माझे वडील म्हणायचे.

मी पोस्टाच्या परीक्षेला बसले तेव्हा वडील त्यांच्याकडे दोन कोकरं घेऊन गेले. मला नोकरी लागली. तेव्हापासून दर ईस्टरला आमच्याकडून कावालिएरेंना कोकरू जातं. वडील गेल्यावर मीच नेऊन देत आले. पोस्टात मला तीन वेळा सांगण्यात आलं, आस्सुन्ता, पोस्टमास्तरच्या परीक्षेला बस. मी बसले नाही. पहिली परीक्षा दुसऱ्याच्या शब्दावर पास झालेली बाई दुसरीत काय दिवे लावणार? माझ्यामागून आलेली पोरं माझी साहेब झाली. मी खिडकीवरच राहिले आणि तिथे कुणापुढे मान वर करून बोलले नाही. घरी सगळ्यांना फाडून खाते, ते तिथलं साठलेलं.

या वर्षी मारीलेना पुन्हा त्याच उत्तरेतल्या विद्यापीठात गेली. त्याच चष्म्यावाल्या प्राध्यापकांनी पद्धत विचारली, आणि ही न थांबता बोलली. निकाल आला तेव्हा ती कुणाच्या तरी गोठ्यात होती. तिथूनच तिनं फोन केला. चार शिष्यवृत्त्या होत्या आणि ती दुसरी आली होती. राज्यशास्त्रच शिकून आलेले कितीतरी जण तिच्या मागे. "आत्या, मी! गोठ्यातली!" एवढंच म्हणत राहिली. मी रडले. खूळ होतं तरी आमचं होतं.

रविवारी दोनातोनं जेवण घातलं. कोकराचं मटण, हातानं वळलेला पास्ता, कुरकुरीत तळलेल्या सुक्या लाल मिरच्या, घरची लाल वाइन. टेबलाच्या मानाच्या जागी कावालिएरे. पंचाऐंशीच्या घरातले, पण टाय घट्ट. मला वाटलं, वडीलधारे म्हणून बोलावलं असेल.

दोनातो पेला घेऊन उठला. "या घराला आज जो दिवस दिसला तो एका माणसामुळे. कावालिएरे, मागच्या वर्षी तुमचं चाललं नाही, तुम्ही माझं चीज परत आणून दिलंत. या वर्षी तुम्ही शब्द पाळलात. देव तुम्हाला शंभर वर्षं देवो!"

मारीलेनाचा काटा तोंडापर्यंत गेला होता. तो तसाच राहिला.

"कसला शब्द?"

"अगं, तुझ्यासाठी टाकलेला. सांगणार नव्हतो, पण आता काय लपवायचं?"

"पप्पा, तुम्ही माझ्यासाठी वशिला लावलात?"

"मग? बापच आहे मी तुझा." दोनातो हसला. त्याला खरोखर काही कळत नव्हतं. "तुला काय वाटलं, गाईच्या डॉक्टरला ते लोक असेच घेतात?"

मी कावालिएरेंकडे पाहिलं. ते हात हलवत म्हणाले, "छे, छे, मी काय केलं? मी काहीच केलं नाही." सगळं टेबल कौतुकानं हसलं. मोठी माणसं असंच म्हणतात ना.

मारीलेना उठली आणि गोठ्यात गेली. मी मागून गेले तर गाईच्या मानेवर कपाळ टेकून उभी. रडत नव्हती. चेहरा मात्र असा पांढराफटक की मी घाबरले.

"आत्या, मी दोन वर्षं ज्याचा अभ्यास केला ना, ते माझ्या घरात माझ्यावरच झालं. आणि मला पत्ता नाही."

"होतं असं. जागा मिळाली ना?"

"कुणाची? मी विद्यापीठाला लिहिणार. माझ्यासाठी वशिला लावला गेलाय, माझं नाव काढा."

"वेड लागलंय का? हातात आलेलं फेकतेस? मीसुद्धा अशीच लागले. मेले का? तेहतीस वर्षं पगार घेतला!"

"आणि तेहतीस वर्षं मान खाली घातलीस," ती म्हणाली. "आत्या, तूच सांगितलंयस मला. मला तसं जगायचं नाही."

मी आणखीच चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कावालिएरेंकडे निघाली तेव्हा मीही शाल घेऊन मागे लागले. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला ही पोर वाट्टेल ते बोलेल, कुणीतरी आवरायला हवं.

कावालिएरेंनी स्वतः कॉफी केली. मारीलेनानं कपाला हात लावला नाही.

"कावालिएरे, माझ्यासाठी कुणाला सांगितलंत?"

"जाऊ दे गं पोरी. झालं ना काम?"

"नाव हवंय मला. मी विद्यापीठाला कळवतेय. कुणी वशिला लावला आणि कुणाकडे लावला, दोन्ही लिहावं लागेल. हा गुन्हा आहे, चौकशी होईल. तुम्हाला पोलीसही विचारायला येतील."

त्यांचा कप बशीवर वाजला. "पोलीस? माझ्याकडे?"

"मारीलेना, पुरे," मी म्हटलं.

"लिहू नकोस," कावालिएरे म्हणाले. त्यांनी टायची गाठ सैल केली. "मी कुणालाच काही सांगितलेलं नाही."

"आता घाबरून नाही म्हणताय."

"अगं, कुणाला सांगणार? ते विद्यापीठ कुठल्या शहरात आहे हेही मला ठाऊक नाही. तू पास झालीस हे मला तुझ्या बापानं फोन करून सांगितलं. मी म्हटलं, हं, मला कळलंय."

मारीलेनानं हळूच विचारलं, "आणि आधीचे? इतक्या वर्षांतले?"

"कुणासाठीच नाही. मी गाडी चालवायचो गं! साहेब मागे बसायचे, वर्षानुवर्षं माझं नावसुद्धा विचारलं नाही त्यांनी. त्यांना मी काय शब्द टाकणार? लोक वस्तू आणायचे, मी ठेवून घ्यायचो. पास झाला तर माझं चाललं. नापास झाला तर वस्तू परत. कुणाचं काही बुडवलं नाही मी, हे गावात कुणालाही विचार."

मला विचारायचं नव्हतं. विचारलं गेलं.

"आणि माझं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी तिथे आहे हे ते तोवर विसरले होते.

"तुझं तर काही बाकीच नव्हतं, आस्सुन्ता. तुझा बाप कोकरं घेऊन आला, त्याच्या आदल्याच दिवशी पोतेन्झाला निकाल भिंतीवर लागला होता. मी वाचून आलो होतो. तू सातवी होतीस. अख्ख्या प्रांतात सातवी."

"सातवी," मी म्हटलं.

"तुझ्यासाठी कुणी काय करायचं होतं?"

"मग त्यांना सांगितलं का नाहीत? माझ्या वडलांना?"

"सांगणार होतो. खरंच. पण तो दारात टोपी काढून उभा. मी म्हटलं असतं, घेऊन जा कोकरं, तुझी पोरगी स्वतःच्या अकलेवर पास झालीय, तर त्याला पटलं असतं? त्याला वाटलं असतं, कावालिएरे कोकरं घेत नाहीत, म्हणजे पोरीचं काम होणार नाही. रडत गेला असता घरी. मी म्हटलं, शब्द टाकतो. तर गाणं म्हणत गेला."

मला त्या म्हाताऱ्याला बदडायचं होतं. देवाशपथ, कॉफीचं भांडं माझ्या हाताशी होतं. पण तो खोटं बोलत नव्हता. माझे वडील तसेच होते. तुझी पोरगी हुशार आहे असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. आणि मी? मला कुणी सांगितलं असतं तर मी तरी मानलं असतं का? कोकरांचं मला काही वाटलं नाही. मला त्या तीन परीक्षा आठवत होत्या, ज्यांना मी बसले नाही.

बाहेर आल्यावर मारीलेनानं माझा हात धरला. लहानपणी मी तिला शाळेत नेताना धरायचे तसा.

घरी दोनातो तळघरातून सगळ्यात जुनं, सगळ्यात चांगलं चीज काढून पुसत बसला होता. कावालिएरेंसाठी.

मारीलेनानं त्याला सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. दोनातो ऐकत होता आणि चीज पुसत होता. संपल्यावर म्हणाला, "किती मोठ्या मनाचा माणूस बघ. केलेलं कधी बोलून दाखवत नाही."

"पप्पा! त्यांनी काहीच केलेलं नाही!"

"तू पोलिसांचं नाव काढलंस. दुसरं काय बोलेल तो?"

मग मी मध्ये पडले. "दोनातो, मी सातवी आले होते."

"कशात, ताई?"

"पोस्टाच्या परीक्षेत. अख्ख्या प्रांतात सातवी. कावालिएरेंच्या आधी, कोकरांच्या आधी. मी."

तो माझ्याकडे बघत राहिला. क्षणभर मला वाटलं, पटलं त्याला. मग त्याचा चेहरा खुलला आणि तो म्हणाला, "सातवी? म्हणजे त्यांनी तेव्हा फारच जोरात शब्द टाकला असणार!"

मी त्याच्या हातातलं चीज हिसकावलं, टेबलावर ठेवलं आणि मोठ्या सुरीनं मधोमध कापलं. दोनातो ओरडला. मी एक जाड तुकडा मारीलेनाला दिला, एक स्वतः घेतला, आणि आम्ही दोघी उभ्या उभ्या, पावाशिवाय, खात राहिलो. इतकी वर्षं आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं चीज कसं लागतं हे मला माहीत नव्हतं.

विद्यापीठाला लिहायचं पत्र राहिलं. ऑक्टोबरमध्ये ती निघाली. बस यायची होती, दोनातो तिकडे तिच्या बॅगेत सुक्या मिरच्या कोंबत होता, आणि ही मला बाजूला घेऊन म्हणाली, "आत्या, माझ्या प्रबंधात तुझी हकिगत घेऊ का? घाबरू नकोस. आमच्यात नाव बदलून लिहायची पद्धत असते, कुणी ओळखू नये म्हणून."

"नाव बदलायचं नाही," मी म्हटलं. "माझंच घालायचं. आस्सुन्ता लाकाव्हा. आणि त्याच्यापुढे लिही, सातवी."